अपडेट थांबवू नका, प्रश्न विचारा

‘फोन अपडेट करू नका, त्यातूनच सरकार आत शिरतं’ असं ठामपणे सांगणारी माणसं आता चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत कुठेही भेटतात. त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींचा आधार घेऊन सरकारांनी लोकांवर पाळत ठेवल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि आपल्याकडचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेलं आहे. पण या शंकेतून काढलेला निष्कर्ष घातक आहे. पाळत ठेवणारे ज्या वाटेने आत येतात, ती वाट अपडेटनेच बुजते. अपडेट बंद करून बसलेला माणूस सरकारला अडवू शकत नाहीच, शिवाय ओटीपी लाटणाऱ्या भामट्यांनाही रान मोकळं करून देतो.

संशय घ्यावा, पण तो नेमका कशावर घ्यावा हे कळलं पाहिजे. त्यासाठी ही त्रुटी म्हणजे काय, ती लपवली की काय होतं, आपण घरात आणि कचेरीत काय करायचं आणि नागरिक म्हणून कोणाला काय विचारायचं, हे क्रमाने पाहू.

त्रुटीची वाट

फोनमधलं सॉफ्टवेअर कोट्यवधी ओळींचं असतं आणि ते माणसांनी लिहिलेलं असतं. त्यात चुका राहतात. काही चुका अशा असतात की त्यांचा फायदा घेऊन परकी आज्ञावली फोनमध्ये घुसवता येते. कंपनीला चूक कळली की ती दुरुस्ती पाठवते, तेच आपलं सिक्युरिटी अपडेट. कंपनीला पत्ता नसताना दुसऱ्याच कोणाला ती चूक सापडली, तर तिला ‘झिरो-डे’ म्हणतात. अशा त्रुटींना मोठी किंमत मिळते आणि गिऱ्हाइकांमध्ये गुन्हेगारांबरोबर सरकारंही असतात.

सरकारला याची गरज का पडते, तेही समजून घ्यायला हवं. साधा फोन टॅप करायचा तर गृह सचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो, तो दूरसंचार कंपनीकडे जातो आणि त्याची नोंद राहते. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलवरचे संदेश मात्र एका फोनमध्ये कुलूपबंद होऊन निघतात आणि थेट दुसऱ्या फोनमध्ये उघडतात. मधल्या वाटेवर ते वाचता येत नाहीत. मग उरतो एकच मार्ग: खुद्द फोनमध्ये शिरायचं. एकदा आत शिरलं की संदेश, फोटो, माइक, कॅमेरा सगळंच हाती येतं. दहशतवादी किंवा अपहरणकर्ते यांच्यामागे लागलेल्या तपास यंत्रणेला हे हवंसं वाटणं समजण्यासारखं आहे. अडचण अशी की या मार्गात दूरसंचार कंपनी मध्ये नसते. त्यामुळे आदेश होता का, किती दिवसांसाठी होता, कोणाविरुद्ध होता, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही.

इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगासस याच कामासाठी आहे. आपण फक्त सरकारी यंत्रणांनाच ते विकतो, असं कंपनी सांगते. 2019 मध्ये त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमधली त्रुटी वापरली गेली. कॉल यायचा. तो उचलला नाही तरी काम झालेलं असायचं. जगभरात सुमारे 1,400 जणांना असं लक्ष्य केल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं. त्यांत भारतातले वकील, पत्रकार आणि कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातलेही होते. 2021 मध्ये आणखी पुढची पायरी गाठली गेली. आयफोनच्या आयमेसेजवर ‘गिफ’ चित्राचं नाव लावलेली फाइल यायची. प्रत्यक्षात ती पीडीएफ असायची आणि तिच्या पोटात स्कॅन केलेली पानं लहान करून साठवण्याच्या एका जुन्या तंत्राचा गैरवापर केलेला असायचा. फोन ती फाइल स्वतःहूनच वाचायला घ्यायचा, मालकाने कशालाही हात लावण्याची गरज नसे. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनमध्ये ही फाइल शोधून काढली, अ‍ॅपलला कळवलं आणि 13 सप्टेंबर 2021 रोजी अ‍ॅपलने दुरुस्ती पाठवली. त्या दिवशी अपडेट घेतलेल्यांचे फोन त्या हल्ल्यापासून सुटले. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, ते सुटले नाहीत.

लपवलेली त्रुटी कोणाला भोवते

‘मी काही गुन्हेगार नाही, माझ्यावर कोण पाळत ठेवणार?’ असं म्हणणाऱ्यांनी 2017 सालचा घटनाक्रम जरूर वाचावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे एनएसएकडे, विंडोजमधल्या एका त्रुटीवर बेतलेलं ‘इटर्नलब्लू’ नावाचं हत्यार होतं. एका कचेरीतले संगणक आपसात फाइल आणि प्रिंटर वाटून घेतात, त्यासाठीच्या जुन्या पद्धतीत ही त्रुटी होती. वॉशिंग्टन पोस्टच्या वृत्तानुसार एनएसएने ती पाच वर्षांहून अधिक काळ वापरली आणि मायक्रोसॉफ्टला कळवली नाही. हत्यार चोरीला गेल्याचं लक्षात आल्यावर कळवली. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. एका महिन्याने ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते हत्यार जगजाहीर केलं. 12 मे रोजी त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस सुटला आणि सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत इंग्लंडमधल्या 236 पैकी किमान 81 ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, झळ बसली. रुग्णांच्या सुमारे 19,000 भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी दिला. आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे आणि केरळात ग्रामपंचायतींचे काही संगणक अडकले. या सगळ्यांत एनएसएचं लक्ष्य असण्यासारखं कोण होतं?

महाराष्ट्राला झळ बसली ती पुढच्याच महिन्यात. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ पसरला. सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी विष कालवलं होतं. अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढे रशियाच्या लष्करावर ठपका ठेवला. आत शिरल्यावर या संगणकावरून त्या संगणकावर पसरण्यासाठी त्याने जी साधनं वापरली, त्यांत एनएसएचं इटर्नलब्लू होतं. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक ठप्प झाले आणि तिच्याच समूहाकडे असलेलं उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही थांबलं. कंटेनरची नोंद हाताने करावी लागली. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. एका देशाने लपवलेली त्रुटी, दुसऱ्या देशाने नासवलेलं अपडेट आणि दोघांशीही देणंघेणं नसलेले न्हावाशेव्याचे ट्रकचालक ताटकळत. त्रुटी लपवण्याचा हिशेब असा सगळ्या जगाच्या नावावर पडतो.

विश्वास तुटला की काय होतं

अपडेटचा मार्ग सरकारांनी याआधीही वापरला आहे. 2012 मध्ये इराण आणि आसपासच्या देशांत ‘फ्लेम’ नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. ते मायक्रोसॉफ्टची बनावट डिजिटल सही लावून विंडोज अपडेटच्या वेषात नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकांत शिरायचं. ते अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून तयार केल्याचं वृत्त वॉशिंग्टन पोस्टने दिलं. मायक्रोसॉफ्टला ती प्रमाणपत्रं तातडीने रद्द करावी लागली.

विश्वास असा तुटल्याचा परिणाम किती खोल जाऊ शकतो, हे आरोग्याच्या क्षेत्रात जगाने पाहिलं आहे. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी 2011 मध्ये सीआयएने पाकिस्तानातल्या अ‍ॅबटाबादमध्ये एका डॉक्टरकरवी हिपॅटायटिस-बी लसीकरणाची मोहीम उभी केली. हे उघड झाल्यावर लसीकरण म्हणजे हेरगिरी, ही आधीपासूनची अफवा लोकांना खरी वाटू लागली. तालिबानने काही भागांत पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांचे, त्यांतही अनेक महिलांचे, खून झाले. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांच्या प्रमुखांनी जानेवारी 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना निषेधाचं पत्र लिहिलं. लसीकरण मोहिमेचा वापर सीआयए यापुढे करणार नाही, अशी हमी मे 2014 मध्ये व्हाइट हाउसने दिली. बिन लादेन सापडला, पण लसीवरचा विश्वास उडाल्याची किंमत पाकिस्तानातल्या लहान मुलांना मोजावी लागली.

सॉफ्टवेअरचं अपडेट ही डिजिटल जगातली लसच आहे. ती जितके जास्त लोक घेतील, तितके सगळेच सुरक्षित. त्या वाटेवर पाळतीचा संशय आला, तर लोक अपडेट टाळतात आणि साथ पसरायला मदत होते. म्हणून अपडेटच्या मार्गाला हात न लावण्याचं बंधन सरकारवर हवं आणि अपडेट वेळेवर घेण्याचं बंधन आपण स्वतःवर घालून घ्यायला हवं. दोन्ही गोष्टी एकदमच मागाव्या लागतात.

आधी स्वतःचा धोका ओळखा

सगळ्यांनी सगळंच करण्याची गरज नसते. पेगाससारखी साधनं अतिशय महाग असतात आणि निवडक लोकांवर वापरली जातात. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी यांना खरा धोका असतो तो जुन्या, दुरुस्ती आलेल्या पण आपण न घेतलेल्या त्रुटींचा आणि बनावट अ‍ॅपचा. शोधपत्रकार, मानवाधिकाराचे खटले लढणारे वकील, आंदोलनांचे कार्यकर्ते, राजकीय नेते आणि त्यांचे निकटचे सहकारी यांनी मात्र एक पायरी वर चढायला हवं. घरातली एक व्यक्ती या गटात असेल, तर इतरांचे फोनही त्याच काळजीने सांभाळावेत.

प्रत्येकाने करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, फोनवरची तारीख पाहा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडलं की ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ अशी ओळ दिसते. कंपनीनुसार हा मार्ग थोडा बदलतो. त्या तारखेपर्यंतच्या ज्ञात त्रुटी तुमच्या फोनमध्ये बुजवलेल्या आहेत, असा तिचा अर्थ. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट असं जावं आणि आपोआप अपडेटचं बटण चालू ठेवावं. तारीख वर्षापूर्वीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली आहे, असं समजा. त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नका. गाणी ऐकायला, रेडिओ लावायला तो चालेल.

दुसरी, नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकाच हाही प्रश्न विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असू शकते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करा.

तिसरी, अपडेट फक्त सेटिंग्जमधून किंवा अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’, ‘बँक केवायसी’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल हे अपडेट नसतं, तो सापळा असतो. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण ओळखीच्या माणसाचा फोनही आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

चौथी, फोन आठवड्यातून एकदा तरी पूर्ण बंद करून सुरू करा. काही हेरगिरीची सॉफ्टवेअरं फोनच्या चालू स्मृतीतच राहतात आणि फोन बंद झाला की पुसली जातात. हा सल्ला खुद्द एनएसएने आपल्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. तो रामबाण नाही, पण त्याला पैसाही लागत नाही.

पाचवी, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप घाला. बॅकअपचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, तो हरवला तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही.

सहावी, घरातल्या इतर यंत्रांकडे वळा. विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. ज्यांच्याकडे अजून ते आहे, त्यांनी विंडोज 11 कडे किंवा मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेकडे वळावं. वायफाय राउटर आणि सीसीटीव्हीचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला आणि त्यांचंही अपडेट आहे का ते केबलवाल्याला विचारा.

पतसंस्था, दवाखाना, शाळा, सीएचं ऑफिस चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. वॉनाक्रायची दुरुस्ती हल्ल्याच्या दोन महिने आधी उपलब्ध होती. बळी पडले ते मुख्यतः ती न लावणारे. महिन्यातला एक दिवस अपडेटसाठी ठरवून टाका, संगणकांची यादी भिंतीवर लावा आणि कोणी कधी अपडेट केलं याची सही घ्या. डेटाची एक प्रत नेहमी नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा. खंडणीखोराला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या डिस्कमध्ये असते.

ज्यांच्यावर पाळतीची शक्यता आहे, त्यांनी

आयफोनवर ‘लॉकडाउन मोड’ चालू करा. 2022 पासून ही सोय आहे. तिच्यामुळे बहुतेक संलग्न फाइली, दुव्यांची पूर्वचित्रं आणि अनोळखी व्यक्तींचे फेसटाइम कॉल अडवले जातात, म्हणजे वर सांगितलेल्या फाइलसारख्या वाटाच कमी होतात. थोडी गैरसोय होते, ती सोसावी. अँड्रॉइड 16 मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाची याच धर्तीची सोय आली आहे.

सरकारपुरस्कृत हल्ल्याची शक्यता दिसली की अ‍ॅपल वापरकर्त्याला इशारा पाठवते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस भारतातल्या विरोधी पक्षांच्या काही खासदारांना आणि पत्रकारांना असे इशारे आले. कोणत्या सरकारकडे बोट आहे, हे अ‍ॅपलने सांगितलं नाही. केंद्राने चौकशी जाहीर केली. असा इशारा आलाच तर त्याच्या खरेपणाची खात्री आधी करा. संदेशातल्या कोणत्याही दुव्यावर न जाता स्वतः अ‍ॅपलच्या खात्याच्या पानावर लॉगिन करा. इशारा खरा असेल तर तिथे वरच दिसतो. खरा इशारा कधीही पासवर्ड मागत नाही, अ‍ॅप टाकायला सांगत नाही.

त्यानंतरची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाबरून फोन फॅक्टरी रीसेट करणं. त्याने पुरावा नष्ट होतो. फोन बाजूला ठेवा, संवेदनशील बोलणं दुसऱ्या फोनवर हलवा, इशाऱ्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा. अ‍ॅक्सेस नाउ या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन पत्रकार आणि कार्यकर्त्यांना मोफत मदत करते. कायदेशीर सल्ल्यासाठी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा एसएफएलसी यांच्याशी बोलता येतं.

त्रुटी सापडली तर

पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं आज सरकारी आणि खासगी संकेतस्थळांमधल्या त्रुटी शोधतात. त्यांनी काही शिस्त पाळायला हवी. त्रुटी आहे एवढं सिद्ध होईल इतकंच पाहा, लोकांची माहिती उतरवून घेऊ नका, कारण परवानगीविना संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येतं. आधी कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही, किंवा प्रकरण सरकारी संकेतस्थळाचं असेल, तर केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवा. त्रुटी नोंदवून घेणं आणि ती दुरुस्त होईल हे पाहणं हे तिच्या कामांपैकी एक आहे. पत्रव्यवहार जपून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत जाहीर वाच्यता टाळा.

यंत्रणांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. जानेवारी 2018 मध्ये ‘द ट्रिब्यून’ने 500 रुपयांत आधारची माहिती मिळते, असं वृत्त दिलं. आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवर नोंदवलेल्या गुन्ह्यात वार्ताहराचंही नाव होतं. दोष दाखवणाऱ्यालाच पोलीस ठाण्याची पायरी दाखवली, तर पुढचा माणूस गप्प बसतो आणि ती त्रुटी काळ्या बाजारात जाते. आपल्या बँकेला, विद्यापीठाला, महापालिकेला एक साधा प्रश्न विचारा: त्रुटी कळवण्यासाठी तुमचा जाहीर पत्ता कोणता आणि कळवणाऱ्याला तुम्ही कोणतं संरक्षण देता?

सरकारला विचारायचे प्रश्न

आपल्याकडे फोन टॅपिंगला नियम आहेत. 1996 च्या पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखी आदेश, मुदत आणि पुनर्विलोकन समितीची चौकट घालून दिली. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ही चौकट कागदावरच राहिलेली नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि मिळवलेलं संभाषण नष्ट करायला सांगितलं. आदेश कागदावर होते, म्हणूनच ते न्यायालयात तपासता आले.

त्रुटी वापरून फोनमध्ये शिरण्याबाबत मात्र असा कागद कुठे आहे, हे कोणालाच दिसत नाही. पेगासस प्रकरणात 27 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते तिचे एक सदस्य होते. समितीने तपासलेल्या 29 पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं, ते पेगाससच होतं असं निश्चित म्हणता आलं नाही आणि केंद्राने सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये सरन्यायाधीश रमणा यांनी न्यायालयात सांगितलं. सरकारने ते सॉफ्टवेअर घेतलं होतं की नाही, या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देशाला मिळालं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आलं. नागरिकांनी ज्या संस्थेला त्रुटी कळवायच्या, तीच संस्था नागरिकांच्या प्रश्नांपासून दूर गेली. डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला ‘संचार साथी’ अ‍ॅप नव्या फोनमध्ये आधीच टाकून देण्याची सक्ती जाहीर झाली आणि टीका होताच काही दिवसांत मागे घेतली गेली. हरवलेला फोन बंद करायला ते अ‍ॅप खरोखर उपयोगी पडतं. सक्ती नसती तर कदाचित अधिक लोकांनी ते आपणहून घेतलं असतं.

बाहेरचे दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवावेत. अमेरिकेने नोव्हेंबर 2017 मध्ये, वॉनाक्रायनंतर, सापडलेली त्रुटी कंपनीला सांगायची की वापरासाठी ठेवायची हे ठरवण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. ती कायद्याने बांधलेली नाही, तरी निदान लोकांना वाचता येते. चीनने सप्टेंबर 2021 पासून कंपन्यांना त्रुटी 48 तासांत सरकारला कळवण्याची सक्ती केली. दुरुस्ती होण्याआधीच त्रुटींचा साठा सरकारच्या हाती जाण्याचा धोका त्यात उघड आहे. भारताने पहिल्याहून पुढे जावं आणि दुसऱ्याच्या वाटेला लागू नये.

प्रत्यक्ष काय करता येईल? माहिती अधिकारात 10 रुपये भरून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे अर्ज करता येतो. नावं मागू नका, आकडे मागा: गेल्या वर्षी टॅपिंगचे किती आदेश निघाले, पुनर्विलोकन समितीच्या किती बैठका झाल्या, समितीने किती आदेश रद्द केले. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नकार आला तर पहिलं अपील करा, कारण नकाराची कारणंही सार्वजनिक नोंदीत यायला हवीत. वगळलेल्या संस्थांकडूनही भ्रष्टाचार आणि मानवाधिकारांचं उल्लंघन यांबाबतची माहिती मागण्याची सोय कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे.

त्याबरोबर आपल्या खासदाराला पत्र लिहा. चार मागण्या पुरेशा आहेत. सरकारी यंत्रणेला सापडलेली त्रुटी ठरावीक मुदतीत दुरुस्तीसाठी कळवण्याचा कायदा करा. फोनमध्ये शिरण्यासाठी न्यायाधीशाची लेखी परवानगी अनिवार्य करा. सॉफ्टवेअर अपडेटचा मार्ग पाळतीसाठी वापरण्यावर कायमची बंदी घाला. आणि किती वेळा ही साधनं वापरली, त्याची संख्या दरवर्षी संसदेपुढे ठेवा. यांतल्या एकाही मागणीने दहशतवाद्याचा माग काढणं थांबत नाही. थांबतो तो मनमानी वापर.

देशाची सुरक्षा नागरिकांच्या फोनपासून वेगळी काढता येत नाही. सैनिकाच्या घरचा फोन, जिल्हाधिकाऱ्याचा लॅपटॉप, सरकारी दवाखान्यातला संगणक आणि तुमचं बँक अ‍ॅप त्याच मोजक्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यातली त्रुटी ठेवली तर सगळ्यांसाठी राहते, बुजवली तर सगळ्यांसाठी बुजते. म्हणून आज रात्री घरातल्या प्रत्येक फोनची सिक्युरिटी तारीख तपासा, आई-वडिलांचे फोन स्वतः बसून अपडेट करून द्या आणि या आठवड्यात खासदाराला ते पत्र पाठवा.